तिसऱ्या पायरीवर

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. जुनी म्हटल्यावर मोडकी समजू नका. माझ्या दहाही पायऱ्या जागेवर आहेत, चौथीला तेवढी तार गुंडाळलेली आहे. सध्या मी एका रंगाऱ्याच्या घरामागे पत्र्याच्या छपराखाली आडवी पडून असते. काम फारसं नसतं, त्यामुळे आठवायला वेळ भरपूर मिळतो.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. रंगारी तेव्हा तरुण होता. दुसऱ्याच्या हाताखालचं काम सोडून त्याने नुकतंच स्वतःचं काम धरलं होतं. सुताराने त्याला विचारलं, "किती पायऱ्यांची करू?"

"दहा."

"दहा? तुमच्या गल्लीत एवढं उंच घर तरी आहे का एखादं?"

"होतील की," रंगारी म्हणाला.

या दोन शब्दांवर माझी उंची ठरली. सुताराने उभ्या दांड्यांसाठी सरळ रेषांचं लांब लाकूड निवडलं. पायऱ्यांसाठी चपट्या, रुंद पट्ट्या कापल्या, म्हणजे दिवसभर उभं राहिलं तरी तळवे दुखू नयेत. एकेक पट्टी खाचेत ठोकून बसवली आणि शेवटी स्वतः माझ्यावर चढून चांगल्या दणदणीत उड्या मारल्या. ज्याने मला घडवलं त्यानेच मला पहिल्यांदा तुडवलं. मी ते मनाला लावून घेतलं नाही. तुडवून घेणं हेच माझं काम होतं.

तुम्ही माणसांना चेहऱ्यावरून ओळखता. माझी ओळख तळव्यांपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. घाबरलेला माणूस बोटं आवळतो. थकलेला टाचेवर भार टाकतो. खोटं बोलणाऱ्याचे पाय कसे असतात हे मात्र मला बरीच वर्षं माहीत नव्हतं, कारण भिंत रंगवताना कोणी खोटं बोलत नाही.

रंगाऱ्यांच्या धंद्यात दोन नियम असतात. पहिला नियम असा की सातव्या पायरीच्या वर उभं राहायचं नाही, कारण तिथे हाताला धरायला काही उरत नाही. वरच्या तीन पायऱ्या धरण्यासाठी आणि रंगाचा डबा अडकवण्यासाठी असतात. दुसरा नियम खाली उभं राहून शिडी धरणाऱ्यासाठी असतो. त्याने शिडी सोडायची नाही. हाक आली, फोन वाजला, अंगावर रंग सांडला, तरी सोडायची नाही. वरच्याचा जीव त्याच्या हातात असतो.

सुरुवातीला मला रंगाऱ्याची बायको धरायची. पुढे मुलगा हाताशी आला, तो धरू लागला. मी दवाखान्याच्या भिंती पाहिल्या, शाळेचं छत पाहिलं, एका दुकानाच्या पाटीखाली तर मी पूर्ण आठवडा मुक्काम केला. लोक खालून म्हणायचे, "वा, काय सफाई आहे हाताला!" माझं नाव कोणी घेत नसे. ते ठीकच आहे. कौतुक वरच्याचं होतं आणि चिखल खालच्याला लागतो, हे मी लवकर शिकले.

मग मुलगा एका मोठ्या ठेकेदाराकडे कामाला लागला. तिथे अॅल्युमिनियमच्या शिड्या होत्या, घडी होणाऱ्या, चकचकीत. तेव्हापासून माझं बाहेर जाणं कमी झालं. म्हातारा रंगारी गल्लीतली बारीकसारीक कामं करायचा, कोणाचं छत, कोणाची ओटी. तेवढ्यापुरती मी बाहेर निघायची.

आता गल्लीबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं. गल्ली चढावर आहे. घरं एकमेकांना खेटून आहेत, एकाच्या खिडकीतून दुसऱ्याच्या चुलीचा वास येतो. पाण्याचा नळ उताराच्या अगदी तळाशी, रस्त्याच्या कडेला. त्याला सकाळी पाणी येतं, ते नेमकं बाजारातली दुकानं उघडतात त्या वेळी. ज्याला पाणी हवं त्याने तेव्हा रांगेत उभं राहायचं, डबे भरायचे आणि चढ चढून घरी आणायचे. एका फेरीत भागत नाही.

रंगाऱ्याच्या घरी हे काम सुनेकडे होतं. सासूचे गुडघे गेलेले. आणि त्या गल्लीत पुरुष पाणी भरत नसत. तसा नियम कोणी केला होता असं नाही. पण पाण्याचा डबा खांद्यावर घेतलेला पुरुष तिथे कोणी कधी पाहिला नव्हता, आणि पहिला होण्याची हौस कोणाला नव्हती.

सुनेच्या हातात एक कसब होतं. माहेरी ती चष्म्याच्या काचा घासून चौकटीत बसवायला शिकली होती. बाजारातल्या चष्मेवाल्याने तिचं काम एकदा पाहिलं आणि तिथल्या तिथे सांगितलं, "उद्यापासून ये. फक्त दुकान उघडताना हजर पाहिजेस. सकाळीच गिऱ्हाईक असतं."

घरात तिने विचारलं. कोणी नाही म्हटलं नाही. सासू म्हणाली, "जा की." नवरा म्हणाला, "जा की, त्यात काय विचारायचं?" रंगारी म्हणाला, "बेशक जा. पाणी भरून झालं की जा."

पाणी भरून होईपर्यंत चष्मेवाल्याची सकाळ संपलेली असायची. ती एक-दोनदा तशी उशिरा गेलीही. मग चष्मेवाल्याने दुसरं माणूस ठेवलं आणि तिने विषय काढणं बंद केलं. घरच्यांना वाटलं, तिचं मन बदललं. मलाही तसंच वाटलं असतं, पण एकदा माळ्यावरचा डबा काढायला ती माझ्यावर चढली तेव्हा बराच वेळ नुसतीच उभी राहिली होती. डबा हातात येऊनही ती खाली उतरत नव्हती.

मित्रांनो, मग पाहणीवाल्या ताई आल्या.

सुट्टीचा दिवस होता, सगळे घरी होते. आदल्या दिवशी रंगाऱ्याने शेजारच्या शिंपीणबाईंच्या छताला चुना दिला होता आणि मी अजून त्यांच्याच भिंतीला टेकून उभी होते. माझ्या सगळ्या पायऱ्यांवर चुन्याची भुकटी पसरलेली होती. रंगारी मला पुसायला फडकं घेऊन आला, तेवढ्यात ताई चढ चढून धापा टाकत समोर उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी, हातात एक जाड पुठ्ठा.

"काका, पाच मिनिटं आहेत का? लोकांना आपलं जगणं कसं वाटतं, त्याची पाहणी चालू आहे."

"कोणाला पडलीय एवढी?" रंगारी म्हणाला, पण फडकं खांद्यावर टाकून थांबला. त्याला असं कोणी आजवर विचारलं नव्हतं.

ताईंनी घर, तब्येत, काम, शेजार, रात्री गल्लीत भीती वाटते का, असं बरंच काही विचारलं. मग पुठ्ठा पुढे धरला. "आता हे चित्र बघा. समजा, सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुम्हाला मिळू शकेल असं सगळ्यात चांगलं आयुष्य. सगळ्यात खालची म्हणजे वाईटात वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात?"

रंगाऱ्याची नजर मंद झाली होती. त्याने पुठ्ठा जवळ घेतला, लांब धरला. "हे काय आहे? रुळांचं चित्र आहे का?"

"शिडी आहे, काका."

"शिडी?" त्याला राग आला, पण हसूही आलं. "अशी असते शिडी? हिला टेकवायची कशाला? ना भिंत, ना जमीन. अहो, ही खरी उभी आहे समोर. दहा पायऱ्यांची. हिच्यावर दाखवतो की!"

प्रत्येकाला घरात बसवून एकेकट्याने विचारायचं, असा ताईंना नियम होता. त्यांनी तो सांगितलाही. पण तोवर शिंपीणबाई दारात आल्या होत्या, चक्कीवाला आला होता, निवृत्त मास्तर आले होते. ऊन तापलं होतं आणि ताईंना अजून बरीच घरं उरकायची होती. त्यांनी एकदा पुठ्ठ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "पण सांभाळून हं."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणी भिंतीसाठी नव्हे, तर माझ्यासाठी माझ्यावर चढणार होतं. मी खूश झाले, हे कबूल करायला मला लाज नाही.

रंगारी सवयीने सरळ सातव्या पायरीवर जाऊन उभा राहिला. "सात," तो वरून म्हणाला.

"म्हणजे तुम्ही बरेच समाधानी आहात," ताई लिहीत म्हणाल्या.

"सातवरच उभं राहतात," रंगारी म्हणाला. पण हे त्याने उतरता उतरता म्हटलं आणि ताईंचं लक्ष लिहिण्यात होतं.

उतरल्यावर त्याने धंद्याच्या नियमाप्रमाणे माझे दोन्ही दांडे घट्ट धरले. "चला, पुढचं कोण? मी धरलीय, घाबरायचं नाही."

शिंपीणबाई पाचवीपर्यंत आल्या. तिथे त्यांचे पाय स्थिर होते. माझ्या मते त्या तिथेच खऱ्या होत्या. पण खालून कोणीतरी म्हणालं, "बाई, नवं मशीन घेतलंत आणि पाचच?" तशा त्या आणखी एक पायरी चढल्या. मास्तरांनी आधी विचारलं, "शिंपीणबाईंचं किती झालं?" सहा म्हटल्यावर ते आठवीवर गेले. पेन्शन असलेला माणूस शिलाईच्या खाली कसा राहणार?

चक्कीवाल्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडची माणसं पलीकडच्याच गल्लीत राहत होती आणि त्यांच्या घरातलं कोणीतरी नेहमी खिडकीत असे. चक्कीवाला नवव्या पायरीवर गेला. तिथे हाताला धरायला काहीच नव्हतं. त्याने भिंतीला मिठी मारली आणि तोंड भिंतीत खुपसून ओरडला, "नऊ लिहा! नऊ!" त्याच्या पोटऱ्या लटलटत होत्या. खोटं बोलणाऱ्याचे पाय कसे असतात हे मला त्या दिवशी कळलं. त्याला उतरवायला दोघांना चढावं लागलं.

सासूबाईंची गंमत वेगळीच. त्या लंगडत आल्या, माझ्या पहिल्या पायरीवर बूड टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "माझं छान चाललंय बघ. दोन वेळचं खाते, झोप लागते, नातवंडं आहेत. लिही."

"आजी, तुम्ही पहिल्या पायरीवर बसलात."

"मग? वर बसू कशी? गुडघे कुणाचे, तुझे?"

गल्ली पोट धरून हसली. ताईही हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. एक लिहिलं की दहा, मला ठाऊक नाही.

सगळे उरकले तेव्हा सून चढ चढून आली. खांद्यावर डबा, हातात डबा. दोन्ही डबे हिंदकळून तिचे पाय घोट्यापर्यंत ओले झाले होते. ताईंनी तिला प्रश्न समजावून सांगितला. तिने डबे खाली ठेवले, कपडे सावरले आणि विचारलं, "खरं सांगायचं ना?"

"हो, तुम्हाला वाटतं तेच."

ती चढली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. तिसरीवर तिने दुसरं पाऊलही शेजारी आणून ठेवलं आणि थांबली. टाचा टेकल्या, बोटं मोकळी पडली. मित्रांनो, एवढी वर्षं मी माणसांचा भार झेलला आहे, कोण वाटेत थांबलंय आणि कोण मुक्कामाला पोहोचलंय हे मला कळतं. ती पोहोचली होती.

मग तिने खाली पाहिलं. खाली तिचा सासरा दोन्ही हातांनी मला घट्ट धरून उभा होता. मान वर करून, मोठ्या प्रेमाने तो तिच्याकडे बघत होता. "चढ, चढ, सूनबाई! घाबरू नकोस, मी आहे ना!"

मागे सगळी गल्ली उभी होती.

ती चौथीवर गेली, पाचवीवर गेली, सहावीवर गेली. "सहा," ती म्हणाली. क्षणभरही न थांबता, तिसरी पायरी ओलांडून ती खाली उतरली, डबे उचलले आणि आत गेली. रंगाऱ्याने आजूबाजूला पाहिलं. घरातल्या सुनेने चारचौघांत सहा सांगितले होते. त्याची मान ताठ झाली. त्या आनंदात तो मला पुसायचंच विसरला. मला तशीच उचलून त्याने घरामागे नेऊन ठेवलं.

जाताना ताईंना कोणीतरी विचारलं, "याचं पुढे काय होणार?" त्या म्हणाल्या, "ते मला सांगता यायचं नाही. मी फक्त विचारते." त्या खरंच बोलत होत्या, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर मी छपराखालीच होते, तेव्हा पुढचं मी ऐकलेलं सांगते. भिंत पातळ आहे. बरेच महिने गेले. एके दिवशी शिंपीणबाईंचा भाऊ, जो वॉर्डाच्या कार्यालयात कामाला आहे, बातमी घेऊन आला. पाहणीचा निकाल लागला होता. सगळ्या वॉर्डात सर्वांत समाधानी गल्ली कोणती, तर ही.

रंगारी दोन दिवस जमिनीवर चालत नव्हता. "अव्वल आलो आपण!" तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "आणि पाहणी कुठे झाली? माझ्या शिडीवर!" हे ऐकून माझीही छाती फुगली असती, छाती असती तर.

तिसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा आला. वॉर्डात एका गल्लीला घरोघरी पाणी देता येईल एवढीच नळजोडणी मंजूर झाली होती. जिथली सरासरी सगळ्यात कमी, तिथे आधी द्यायची असं ठरलं होतं. ती गेली वीटभट्टीच्या गल्लीला. तिथे दुसरा पाहणीवाला गेला होता. त्याने प्रत्येकाला घरात बसवून, दार लोटून, पुठ्ठा दाखवून विचारलं होतं.

सरासरी म्हणजे काय, हे मास्तर त्या संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांना समजावत होते. सगळ्यांच्या पायऱ्या एकत्र करायच्या आणि सारख्या वाटायच्या. मला ते ऐकून नवल वाटलं. म्हणजे ज्या पायरीवर प्रत्यक्षात कोणीच उभं नव्हतं, तिथे सगळ्यांना उभं केलं होतं.

मग एकच भांडण पेटलं. "नऊवर कोण गेलं होतं?" "आणि आठ कोणी सांगितले होते, मास्तर?" "मुलीचं लग्न होतं माझ्या!" "मग लग्नाचं पाणी आणा आता पलीकडून!" जो तो दुसऱ्याची पायरी मोजत होता.

सून तेव्हा मागच्या दारात डबे धूत होती, माझ्यापासून दोन हातांवर. सासू आतून म्हणाली, "ऐकलंस का गं? नळ गेला." सुनेने डबा पालथा घातला. "ऐकलं, आई." दुसरा डबा घेतला. मी तिला ओळखत होते, पण त्या वेळी तिच्या मनात काय आलं हे मला कळलं नाही. तिचे पाय माझ्यावर नव्हते.

वीटभट्टीच्या गल्लीत पाइप बसवणं सुरू झालं. भिंतीवरून पाइप न्यायला तिथल्या माणसांना शिडी हवी होती आणि ते रंगाऱ्याकडे आले. गल्लीत कुरकुर झाली, त्यांना कशाला द्यायची म्हणून. रंगारी म्हणाला, "त्यांचा काय दोष? न्या." आणि मला काढायला तो घरामागे आला.

त्याने मला उभी केली, फडकं काढलं, आणि वरून पुसायला सुरुवात केली. सहावी, पाचवी, चौथी. तिथे चुना विस्कटलेला होता, कुठे टाचेची फरपट, कुठे चवड्याचा अर्धामुर्धा डाग. तिसरीवर त्याचा हात थांबला.

तिथे दोन पावलं होती. शेजारी शेजारी, टाचेपासून बोटांपर्यंत पूर्ण. ओल्या पायांखाली चुन्याची भुकटी भिजली होती आणि नंतर वाळून धरली होती. त्या दिवशी ओल्या पायांनी एकच बाई चढली होती, आणि तीही सगळ्यांच्या शेवटी.

रंगाऱ्याचा जन्म चुन्यात गेला होता. चालता चालता टेकलेलं पाऊल आणि थांबलेलं पाऊल यांतला फरक त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. नजर मंद असली तरी त्याने पट्टीवरून बोटं फिरवली, एकदा, दोनदा. मग हाक मारली, "सूनबाई, जरा बाहेर ये."

ती हात पुसत आली.

"त्या दिवशी तू तिसरीवर थांबली होतीस."

तिने पायरीकडे पाहिलं. "बाबा, झालं ना आता ते. जाऊ द्या."

"थांबली होतीस की नाही?"

"थांबले होते."

"मग वर का गेलीस? तुला सांगितलं होतं ना त्या बाईंनी, खरं सांग म्हणून?"

ती म्हणाली, "खाली तुम्ही धरून उभे होतात."

"अगं, मी धरणारच! पडली असतीस तर?"

"पडण्याची भीती नव्हती, बाबा." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुम्ही एवढ्या कौतुकाने बघत होतात. सगळी गल्ली बघत होती. मी तीन म्हटलं असतं, तर लोक काय म्हणाले असते तुम्हाला? रंगाऱ्याच्या घरात सुनेचे हाल आहेत. तसे हालही नाहीत. कोणी मला वाईट बोलत नाही. मला फक्त सकाळ मिळत नाही."

सून आत गेली. रंगारी तिथेच उभा होता, एका हाताने मला धरून. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांना सांगितलं होतं की शिडी धरणाऱ्याच्या हातात वरच्याचा जीव असतो. फडकं त्याने खांद्यावर टाकलं आणि तिसरी पायरी न पुसताच मला वीटभट्टीच्या गल्लीला पाठवून दिलं.

पुढचं मी त्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीला टेकून पाहिलं, कारण तिथून नळ समोरच दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानांची शटरं वर जात होती. रांगेत बायका होत्या. आणि रांगेच्या शेवटी, दोन्ही हातांत रिकामे डबे घेऊन, म्हातारा रंगारी उभा होता.

रांगेतली एक म्हणाली, "काका, वाट चुकलात का?"

"नाही."

"सून आजारी आहे का?"

"ठणठणीत आहे. कामावर गेलीय."

"अगंबाई! मग आता तुम्ही पाणी भरणार? काकांना पुढे येऊ द्या गं, नाहीतर आपल्यालाच उचलून न्यावं लागेल!"

हशा पिकला. रंगाऱ्याचे कान लाल झाले. त्याने पुढे यायला नकार दिला, रांगेतच थांबला. नंबर आल्यावर डबे इतके काठोकाठ भरले की चढावर निम्मं पाणी त्याच्याच अंगावर सांडलं. अर्ध्या वाटेत तो मास्तरांच्या ओट्यावर बसला. मास्तर म्हणाले, "या वयात शोभतं का हे?" तो म्हणाला, "शोभत नाही. पण रिकामे डबे त्याहून वाईट दिसतात." आणि उठून चालू लागला.

चष्मेवाल्याकडे सुनेची जागा तशी रिकामी नव्हती. पण त्याने ठेवलेली माणसं टिकत नव्हती. तिने दारात उभं राहून सांगितलं, "आता उघडताना येईन." त्याने घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि घासायच्या काचा तिच्यापुढे सरकवल्या. हे मला घरी परतल्यावर कळलं, सासूबाई शिंपीणबाईंना सांगत होत्या तेव्हा. पुढे महिन्याभरात रंगाऱ्याचा मुलगाही एक दिवसाआड डबे घेऊन दिसू लागला. गल्लीला त्याचं नवल चार दिवस वाटलं, मग वाटेनासं झालं.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला ती सांगितलीच नसती.

ताई पुन्हा आल्या. अशी पाहणी काही वर्षांनी पुन्हा होते म्हणे. या वेळी त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुठ्ठा पिशवीतून काढला आणि म्हणाल्या, "काका, एकेकाशी आत बसून बोलायचं आहे. आधी सूनबाईंशी."

रंगारी उठला. बायकोला हाताला धरून त्याने बाहेर आणलं, मुलाला बाहेर काढलं, स्वतः बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. मग थोडा विचार करून घरामागे आला, मला उचललं आणि गल्लीच्या पार त्या टोकाला, चक्कीच्या भिंतीला नेऊन टेकवलं. घरापासून होईल तेवढं लांब. स्वतःही तिथेच, माझ्या पहिल्या पायरीवर घराकडे पाठ करून बसला.

चक्कीवाला बाहेर आला. "काय हो, किती सांगतेय सून या वेळी?"

"तिला ठाऊक."

"अंदाज तरी?"

"अंदाज करायला लागला की माणूस वर बघतो," रंगारी म्हणाला. "आणि मी वर बघितलं की ती चढते."

चक्कीवाल्याला काही कळलं नाही. तो आत गेला. दार बराच वेळ बंद होतं.

तिने काय सांगितलं, मला माहीत नाही. तीन असेल, सात असेल, कदाचित दोनही असेल. घरोघरी नळ अजून आलेला नाही, म्हातारा अजून रांगेत उभा राहतो, आणि सुनेला संध्याकाळी डोळे दुखतात, काचांकडे एकटक बघून. त्या दिवशी तिचे पाय माझ्यावर नव्हते आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. शिडीला कोरड्या जागी ठेवा, वर्षातून एकदा तेल द्या, सातवीच्या वर चढू नका. आणि घरातल्या कोणाला 'कसं चाललंय' असं कधी मनापासून विचारायचं झालं, तर विचारा, आणि मग जरा लांब जाऊन बसा. माझी तिसरी पायरी रंगाऱ्याने अजून पुसलेली नाही.